चित्रकार कशासाठी रंगवतो?



व्याख्यानमालेचे चिटणीस विषय विचारायला घरी आले, तेव्हा मी बोनस, किमान वेतन किंवा भविष्यनिर्वाह निधी यांपैकी काहीतरी सांगेन अशी त्यांची समजूत होती. मी म्हणालो, ‘चित्रकार कशासाठी रंगवतो’ यावर बोलावे म्हणतो. ते जरा थांबले आणि म्हणाले, ‘‘हा विषय कलाशाळेतल्या प्राध्यापकांचा.’’ मी म्हणालो, यंदा तो मजुराच्या बाजूने ऐकून पाहा.

माझे शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढे यंत्रमागावर उभा राहिलो आणि तेथून युनियनच्या कचेरीत गेलो. चित्रकलेतले मला सरळ रेघ ओढण्याइतकेही येत नाही. परंतु माणूस काम का करतो, या एका प्रश्नाचा अभ्यास मी तीस वर्षे केला आहे आणि त्याचे उत्तर मला पाठ होते. माणूस मजुरीसाठी काम करतो. मजुरी नाही तर काम नाही. याच न्यायाने तर आम्ही संप पुकारतो. या उत्तरात न बसणारी दोन माणसे मला भेटली. एक नगर वाचनालयातल्या पुस्तकात भेटला, दुसरा आमच्याच युनियनमध्ये होता. पहिल्याचे नाव साऱ्या जगाला ठाऊक आहे. दुसऱ्याचे नाव मी सांगणार नाही, कारण त्याचा मी अपराधी आहे.

पहिला माणूस म्हणजे व्हिन्सेंट व्हॅन गॉग. जन्म ३० मार्च १८५३, हॉलंडमधल्या झुंडर्ट या गावी, वडील धर्मोपदेशक. त्याच्याविषयी आपल्यापैकी पुष्कळांना दोनच गोष्टी माहीत असतात. त्याने स्वतःचा कान कापून घेतला, आणि हयातीत त्याच्या चित्रांना गिऱ्हाईक मिळाले नाही. या दोन गोष्टींवरून लोकांनी दोन उत्तरे तयार करून ठेवली आहेत. चित्रकार वेडाच्या भरात रंगवतो, हे एक. आणि खऱ्या कलावंताला पैशाची गरज नसते, हे दुसरे. मला दोन्ही खोटी वाटतात. त्यातले दुसरे नुसते खोटे नाही, त्याने नुकसान होते. ते कसे, हे पुढे येईलच.

आधी हे लक्षात घ्या की हा माणूस बाजार न कळणारा भोळा साधू नव्हता. १८६९ मध्ये, सोळाव्या वर्षी, तो हेग शहरात गूपिल नावाच्या चित्रविक्रेत्या पेढीत नोकरीला लागला. पुढे लंडन आणि पॅरिसच्या शाखांत त्याने काम केले. चित्राला भाव कसा येतो आणि गिऱ्हाईक काय मागते, हे त्याने जवळून पाहिले होते. १८७६ मध्ये ती नोकरी गेली. मग इंग्लंडमध्ये शाळामास्तरकी, परत हॉलंडमध्ये पुस्तकांच्या दुकानात काम, मग धर्मशास्त्राचा अभ्यास. तोही अर्धवट सुटला. तोवर चित्रकार होण्याचा विचार त्याने मनावर घेतला नव्हता. घरच्यांनी कपाळाला हात लावला असेल. आपल्याकडेही अशी मुले असतात. दर वर्षी नवी नोकरी, आणि आई शेजारणीला सांगते की याचे काही बसत नाही.

डिसेंबर १८७८ मध्ये तो बेल्जियममधल्या बोरिनाज या कोळसाखाणींच्या मुलखात गेला. तेथल्या धर्ममंडळाने त्याला जानेवारी १८७९ पासून सहा महिन्यांसाठी, अजमावून पाहण्याच्या बोलीवर, प्रचारक नेमले. मार्कास नावाच्या जुन्या आणि धोक्याच्या खाणीत तो सातशे मीटर खाली उतरला आणि माणसे कशी गुडघ्यांवर बसून, आडवी होऊन कोळसा फोडतात ते त्याने पाहिले. १७ एप्रिल १८७९ रोजी त्याच मुलखात फ्रामरी येथील आग्रापच्या खाणीत वायूचा स्फोट झाला आणि १२१ माणसे मेली. व्हिन्सेंट जखमींची आणि आजाऱ्यांची सेवा करीत राहिला, अंगावरचे कपडे वाटून टाकले, बिऱ्हाड सोडून झोपडीत गवतावर झोपू लागला. सहा महिने भरले तसे मंडळाने त्याला पुढे ठेवायचे नाकारले. कारण असे दिले की सेवाभाव उत्तम आहे, परंतु वक्तृत्व नाही. कामावरून कमी केल्याची पत्रे मी शेकड्यांनी वाचली आहेत. त्यांत पहिले वाक्य नेहमी स्तुतीचे असते.

यानंतरचे वर्ष माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. तो त्याच मुलखात, बिनपगारी, बिनकामाचा राहिला. धाकटा भाऊ थिओ गूपिलच्याच पेढीत चांगल्या जागी होता. पुष्कळ दिवस दोघांत अबोला होता. मग जून १८८० मध्ये व्हिन्सेंटने त्याला एक लांबलचक पत्र लिहिले. त्यात आळशी माणसाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक स्वभावाने आळशी असतो. दुसरा परिस्थितीने आळशी ठरतो. त्याच्या आत काम करण्याची आग असते, आपण कशाच्या तरी उपयोगी आहोत हे त्याला कळते, पण हात बांधलेले असतात. त्याला पिंजऱ्यातल्या पाखराची उपमा दिली आहे.

हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. कारण हा दुसरा आळशी मी कारखाना बंद पडल्यावर फाटकाबाहेर बसलेला कितीदा तरी पाहिला होता. त्याला देणी मिळाली, भरपाई मिळाली, तरी तो सकाळी सात वाजता डबा घेऊन तेथे येऊन बसे. आम्ही म्हणत असू, सवय आहे, जाईल. ती सवय नव्हती. माणसाला मजुरीची भूक असते तशी कामाचीही असते, आणि या दोन भुका वेगवेगळ्या आहेत, एवढी साधी गोष्ट मला पंचेचाळिशीत कळली.

त्या पत्रानंतर दोनच महिन्यांत त्याने चित्रकलेचे रीतसर शिक्षण सुरू केले. वय सत्तावीस. गुरू नाही, शार्ल बार्ग याच्या चित्रकला शिकवणाऱ्या पाठांवरून आणि शेतकऱ्यांची चित्रे काढणाऱ्या मिले या फ्रेंच चित्रकाराच्या छापील प्रतींवरून तो गिरवू लागला. त्याआधी थंडीत तो पायी फ्रान्समधल्या कूरिएर गावापर्यंत जाऊन आला होता. तेथे ज्यूल ब्रतों या नावाजलेल्या चित्रकाराची चित्रशाळा होती. ती नवी, विटांची, इतकी नीटनेटकी होती की याला आत जायचा धीर झाला नाही. खिशातले दहा फ्रँक संपले, शेवटच्या तीन रात्री उघड्यावर काढल्या. एक टाकून दिलेल्या गाडीत, एक लाकडांच्या ढिगात, एक गवताच्या गंजीत. वाटेत पिशवीतली काही चित्रे देऊन त्याने पावाचे तुकडे मिळवले. चित्रकार म्हणून त्याची पहिली मजुरी ती, असे मी धरतो. त्याच वाटेवर त्याला विणकरांची गावे लागली, आणि खाणमजूर व विणकर या दोन जातीच्या माणसांना जगाने अजून पाहिलेले नाही, त्यांना कागदावर आणले पाहिजे, असे त्याने भावाला कळवले.

तर चित्र काढण्याची प्रेरणा म्हणतात ती येथे सापडते. ज्याला उपयोगी पडायचे होते आणि ज्याला मंडळाने ‘बोलता येत नाही’ म्हणून परत पाठवले, त्याने पाहिलेले दुसऱ्याला दाखवण्याचा वेगळा मार्ग धरला. आकाशातून काही उतरले नाही.

विणकरांचा योग १८८४ मध्ये न्यूनेन या गावी आला. आईवडिलांचे घर तेथे होते. मी स्वतः मागावर उभा राहिलेला माणूस असल्यामुळे येथे थोडा रेंगाळणार आहे, आपण सांभाळून घ्यावे. तेथले विणकर घरात हातमागावर काम करीत. खोली लहान, माग एवढा मोठा की चित्रकाराला मागे सरकून बसायला जागा नाही. एका जुन्या ओक लाकडाच्या मागावर १७३० हे साल कोरलेले होते. तो त्याने मोठ्या आवडीने रंगवला. परंतु त्याने नुसते लाकूड पाहिले नाही. जानेवारी १८८५ मधल्या एका पत्रात त्याने हिशोबच दिला आहे. नेटाने काम करणारा विणकर आठवड्याला साठ एलांचा ताका काढतो (एल हे तिकडचे कापडाचे माप). तो विणत असताना बायकोला समोर बसून कांड्या भराव्या लागतात, म्हणजे राबणारी माणसे दोन. आणि हाती पडतात साडेचार गिल्डर. वर ताका घेऊन गेला की कारखानदार सांगतो, आता एक-दोन आठवडे नवीन काम नाही. मजुरी कमी आणि कामही कमी. बंधूंनो, बायकोने भरलेल्या कांड्या कोणी हिशोबात धरत नाही, ही तक्रार मी मालक-प्रतिनिधींपुढे मांडली तेव्हा मला वाटले होते की हा मुद्दा आपणच प्रथम काढला. एका चित्रकाराने तो शंभरावर वर्षांपूर्वी लिहून ठेवला होता.

मागाच्या चित्राविषयी त्याने आपला मित्र व्हॅन रापार्ड याला एक गोष्ट कळवली. यंत्र काढणाऱ्या नकाशानविसाचे चित्र माझ्या चित्रापेक्षा बिनचूक असेल; पण माझ्या चित्रातल्या त्या लाकडाच्या सांगाड्यातून अधूनमधून एक सुस्कारा ऐकू आला पाहिजे, असा त्याचा आशय आहे. माग ज्याने चालवला आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

पुढे एप्रिल-मे १८८५ मध्ये त्याने ‘बटाटे खाणारे’ हे चित्र केले. त्यासाठी हिवाळाभर त्याने शेतकऱ्यांच्या चेहऱ्यांची चाळीसएक अभ्यासचित्रे काढली होती. चित्रात पाच माणसे दिव्याच्या उजेडात एकाच ताटातले बटाटे खात आहेत. चेहरे ओबडधोबड, रंग मातकट. न सोललेल्या, धूळ लागलेल्या बटाट्यासारखा रंग मी मुद्दाम घेतला आहे, असे तो सांगतो. आणि उद्देश काय, तर ताटात गेलेल्या या हातांनीच जमीन खणली आहे आणि हे अन्न त्यांनी इमानाने कमावले आहे, हे दिसावे. या चित्राच्या शिळाछापाची एक प्रत त्याने व्हॅन रापार्डला पाठवली. त्याने चुकांची लांब यादी लिहून कळवली. हात असा नाही, नाक तसे नाही. चुका होत्याच. पण त्यावरून पाच वर्षांची मैत्री तुटली.

आता मजुरीचा प्रश्न. हा मुद्दा पुस्तके लिहिणारे लोक फार घाईने आटपतात. दहा वर्षे थिओ दरमहा पैसे पाठवत होता. पुष्कळ काळ ही रक्कम महिन्याला दीडशे फ्रँक असे. सगळे म्हणतात, केवढे बंधुप्रेम! होते, यात शंका नाही. परंतु व्हिन्सेंटला ती मदत म्हणून घेणे खुपत होते. १८८४ च्या आरंभी त्याने भावापुढे एक करार ठेवला. मी माझे काम तुझ्याकडे पाठवीन, ते तुझे; आणि तू पाठवशील ते पैसे मी कमावलेले समजेन. मला वाटते, कलेच्या इतिहासातल्या मोठ्या गोष्टींत ही एक आहे, पण चित्रांच्या पुस्तकांत तिला रंगीत पान मिळत नाही. ज्याला पैशाची पर्वा नव्हती असे म्हणतात, तो माणूस भीक आणि वेतन यांतला फरक भावालाही समजावून सांगत होता. त्याआधी १८८२ मध्ये एका चुलत्याने त्याच्याकडून हेग शहराची बारा रेखाचित्रे मागवली होती, नगाला अडीच गिल्डर या दराने. हे नगावरचे काम त्याने खुशीने केले. त्यामुळे ‘आयुष्यात एकच चित्र विकले’ ही गोष्ट शब्दशः खरी नाही. नोंद असलेली मोठी विक्री मात्र एकच. ‘लाल द्राक्षमळा’ हे चित्र १८९० मध्ये ब्रुसेल्सच्या प्रदर्शनात ॲना बॉक या चित्रकार बाईंनी चारशे फ्रँकला घेतले.

दरमहा येणारे पैसे पुरत नसत, कारण निम्मे रंगांत आणि कापडांत जात. १८८८ मध्ये, दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावी असताना, त्याने एकदा चार दिवस मुख्यतः तेवीस पेले कॉफी आणि उधारीच्या पावावर काढले. अशा वेळी माझ्यासारखा माणूस म्हणेल, अरे, रंग घेऊ नकोस, जेव. हाच तर प्रश्न आहे. त्याने रंग घेतले. मजुरीने हे सुरू झाले नव्हते, म्हणून मजुरी कमी पडल्याने थांबलेही नाही. पण थिओचे पाकीट आले नसते तर सारे काही महिन्यांत संपले असते, हेही तितकेच खरे. एकाच माणसाच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि लोक सोयीप्रमाणे एक उचलतात.

वेडाविषयी थोडेच सांगतो. डिसेंबर १८८८ मध्ये कानाचा प्रकार झाला. मे १८८९ पासून वर्षभर तो सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात होता. झटका येई तेव्हा त्याच्या हातून धड काम होत नसे. झटका ओसरला की तो पुन्हा कुंचला हाती घेई. काम हाच माझ्यावरचा उत्तम उपाय आहे, असे त्याने कळवले आहे. बाहेर जाऊ देत नसत तेव्हा त्याने जुन्या मिलेच्या चित्रांवरून वीसएक चित्रे रंगवली, एखाद्या वादकाने दुसऱ्याने बांधलेली चीज आपल्या हाताने वाजवावी तशी. म्हणजे आजारामुळे चित्रे झाली नाहीत, आजारातून वेळ काढून झाली. गिरणीच्या धुळीने दमा जडलेला विणकर चांगले कापड काढत असेल, तर त्याचे श्रेय दम्याला देणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

२९ जुलै १८९० रोजी, सदतिसाव्या वर्षी, तो गेला. सहा महिन्यांनी थिओही गेला. दहा वर्षांत साडेआठशेच्या वर तैलचित्रे झाली होती. ती आणि पत्रे थिओच्या पत्नीने, योहानाने, जपली. १९१४ मध्ये तिने पत्रे छापली, म्हणून आज मी आपल्यापुढे बोलू शकतो. १९९० मध्ये त्याच्या एका चित्राला, डॉक्टर गाशे यांच्या तसबिरीला, न्यूयॉर्कच्या लिलावात सव्वाआठ कोटी डॉलर किंमत आली. ही किंमत कोणाच्या श्रमाची, याचे गणित मी अनेकदा मांडून पाहिले. दर वेळी एकच दिसते, की त्या यादीत रंगवणाऱ्याचे नाव नाही.

आता दुसरा माणूस.

आमच्या युनियनमध्ये मोर्च्याचे फलक रंगवणारा एक यंत्रमाग कामगार होता. १९९८ साली चाळिशीचा असेल. मी त्याला मामा म्हणत असे. त्या वेळी फ्लेक्स आलेले नव्हते. लाल कापडावर पांढरी अक्षरे, कोपऱ्यात मूठ. मामा रात्रपाळी नसेल त्या रात्री कचेरीत कापड पसरून बसायचा आणि पहाटेपर्यंत अक्षरांना सावली देत राहायचा. मोर्च्यात सावली कोण बघतो, असे आम्ही त्याला चिडवत असू. सहा वर्षे त्याने हे काम केले आणि आम्ही त्याला रंगाच्या डब्याखेरीज काही दिले नाही. एकदा घरात आजारपण होते. मोठ्या मोर्च्याचा फलक अर्धा झाला होता. त्याने खाली मान घालून तीनशे रुपये मागितले. मी म्हणालो, ‘‘मामा, तुम्हाला तर यात आनंद मिळतो. चळवळीचे काम आहे, त्याचे पैसे घेणार?’’

हे वाक्य आपण पुन्हा ऐका. मजुरीविना जादा काम करून घेताना मालक जे बोलतो, ते हेच. ज्या वाक्याशी मी आयुष्यभर भांडलो ते माझ्या तोंडून इतके सहज आले की उच्चारताना मला ओळखूही आले नाही. मामाने वाद घातला नाही. फलक पुरा केला, सावलीसकट. कुंचले रॉकेलमध्ये धुऊन ठेवले आणि पुन्हा तो त्या कामाला आला नाही. वर्गणी मात्र दरमहा भरत होता.

वाचनालयातले पुस्तक मला त्यानंतर पुष्कळ वर्षांनी मिळाले. थिओपुढचा करार वाचला आणि मामा आठवला. तरीही त्याच्या घरी जायला मला गेले वर्ष उजाडावे लागले. तोपर्यंत आमच्या भागातले जुने धोट्याचे माग भंगारात गेले होते, त्याचाही गेला होता. मी विचारले, रंगवणे सुटले का? त्याने पलंगाखालून कॅलेंडरांचा गठ्ठा काढला. प्रत्येक पानाच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने आणि पांढऱ्या खडूने माग काढलेला. समोरून, बाजूने, बीमच्या मागून. एकावर त्याची बायको कांड्या भरताना. शंभरएक पाने असतील. कोणाला दाखवली नव्हती.

मी विचारले, ‘‘मामा, हे कशासाठी?’’

तो म्हणाला, ‘‘दादा, वीस वरसं त्यो माग चालिवला. भंगारवाल्यानं नेला, आन् रातीला पडल्या पडल्या ध्यानात आणाया लागलो, तर धोटा मारायची डाव्या अंगाची दांडी कुठं अडकिवली हुती तेच आठवंना. वीस वरसं हात लावला, पर बघितलाच न्हवता. म्हणून बसलो काढत.’’

व्हॅन गॉगवरची सगळी पुस्तके वाचून मला जे धडपणे सांगता येत नव्हते, ते मला येथे मिळाले.

निघताना मी एक पाकीट पुढे केले. त्यात तीन हजार रुपये होते. ‘‘हे कशाचे?’’ मी म्हणालो, १९९८ च्या फलकाचे. त्याने पाकीट उघडले, तीनशे मोजून घेतले आणि उरलेले माझ्या हातात परत दिले. मग त्याने विचारले, ‘‘त्यो फलक हाय का अजून?’’

मला सांगता आले नाही. पुढच्या वर्षीच्या मोर्च्यात ते कापड उलटे करून आम्ही दुसऱ्या बाजूने वापरले होते.